हत्तीच्या गावात कुणी टिकलं का? (मास्टोडॉन, ब्लूस्काय आणि तत्सम)

शून्यमैल | शनिवार, रात्री १०:५२

मंडळी, लाइट गेलीये. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि राउटर चालू आहे, म्हणून हा धागा.

झालं असं की मागच्या आठवड्यात एका मोठ्या मंचावरचं माझं खातं अचानक बंद पडलं. कारण काय, तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत काढलेला जळत्या बडग्याचा फोटो. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो: नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत वर्षभरात ज्या ज्या गोष्टीने डोकं फिरवलं तिचा पुतळा करतात, त्याला बडग्या म्हणतात, आणि शेवटी तो जाळतात. यंत्राला वाटलं मी माणूस जाळतोय. दाद मागितली. चार सेकंदांत उत्तर आलं, ‘आम्ही आपलं म्हणणं काळजीपूर्वक वाचलं आहे.’ चार सेकंदांत मी स्वतःसुद्धा ते वाचू शकलो नसतो. आठ दिवसांनी खातं आपलं आपण उघडलं. तेही का, ते कुणी सांगितलं नाही.

त्या आठ दिवसांत बातम्यांवाचून काही अडलं नाही. पण बाबांच्या शेवटच्या वाढदिवसाचे फोटो फक्त तिथेच आहेत हे आठवलं आणि रात्री झोप लागेना. जागा दुसऱ्याची, अन् आपण तिथे चौदा वर्षं सामान टाकून बसलोय.

म्हणून जुनं मास्टोडॉनचं खातं उकरून काढलं. (ट्विटरसारखाच मंच, पण एका मालकाचा नसलेला, ‘विकेंद्रित’ म्हणतात तो. नाव हत्तीच्या एका नामशेष भाऊबंदाचं.) नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडलं होतं. त्यावर माझी एकच नोंद: ‘नमस्कार, इथे कुणी आहे का?’ खाली एका जर्मन गृहस्थांचं ‘विलकोमन’, म्हणजे स्वागत. बस.

तर प्रश्न असा की तिथे खरंच राहून राहिलेलं कुणी आहे का? सल्ला नको, अनुभव सांगा. रोज उघडता का? उघडून काय करता?

बर्डीचा_बोका | शनिवार, रात्री ११:०५

आठ दिवस खातं बंद होतं अन् तुमाले दुःख झालं? माह्या बायकोले हा धागा दाखवतो. माह्यं कसं बंद करायचं ते विचारून राहिली ते दोन वर्षांपासून.

मुठेकाठ | शनिवार, रात्री ११:२०

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. गावात माणसं नसतील तर नुसता हत्ती बघायला किती दिवस जाणार?

मीही त्याच २०१९ च्या लाटेतला. सर्वोच्च न्यायालयातल्या एका ज्येष्ठ वकिलांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, त्याच्या निषेधार्थ भारतातून झुंडीने लोक मास्टोडॉनवर गेले. दोन आठवडे अगदी लग्नघर. मग एकेक जण चप्पल शोधू लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कने ट्विटर घेतलं तेव्हा पुन्हा तेच: तीच मंडळी, त्याच शपथा, पुन्हा महिनाभरात सगळे घरी. मांडव उतरवल्यावर खुर्च्या मोजणारा एकटा केटररवाला उरतो ना, तसा मी. मोजल्या आणि निघालो.

वायरमन_भाऊ | रविवार, सकाळी ७:४०

आधी हे ‘विकेंद्रित’ काय असतं ते थोडं सांगतो, कारण खाली लोक ‘अजून एक ॲप’ म्हणून भांडतील.

मास्टोडॉन ही वेबसाइट नाही. ओयगन रोख्को नावाच्या जर्मनीतल्या एका तरुणाने २०१६ मध्ये आणलेलं ते सॉफ्टवेअर आहे. कुणीही घ्यावं, आपल्या सर्व्हरवर बसवावं. तुमचा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, तरी तुमचं लिहिलेलं मला दिसतं. ईमेलसारखं. माझी मेल एका कंपनीची, तुमची कॉलेजची, पण पत्र पोचतं, कारण पत्र कसं पोचवायचं याचे नियम १९८२ पासून सगळ्यांसाठी उघडे आहेत. इथल्या नियमांचं नाव ॲक्टिव्हिटीपब. जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्यावर शिक्का मारला.

नागपुरी भाषेत सांगायचं तर हा आपला पत्र्याचा कूलर आहे. पेटी कुठल्याही कारागिराकडून करून घ्या. पंप जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठलाही पंप आणा, बसतो. पंख्याचं पातं, मोटर, खसच्या ताट्या, सगळं सुटं मिळतं, कारण मापं सगळ्यांची सारखी. याउलट तो पांढरा, गुळगुळीत प्लास्टिकचा कंपनीवाला कूलर. दिसायला झकास, पण त्याचा एक खटका गेला की कंपनीचा माणूस येईपर्यंत ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपा.

एक खोट मात्र सांगून ठेवतो. मास्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर बिऱ्हाड हलवता येतं, तुमचे वाचक आपोआप नव्या पत्त्यावर येतात. जुन्या नोंदी येत नाहीत. पाहुणे नव्या घरी येतील, पण पोराची उंची मोजायला भिंतीवर मारलेल्या पेन्सिलीच्या खुणा जुन्या घरातच राहतात.

बर्डीचा_बोका | रविवार, सकाळी ८:१५

बाकी सारं बराबर हाय भाऊ, पण खस? आजकाल खस कोण लावते? लाकडाच्या धाग्याचं वूलवूड लागते अन् तेही मार्चातच वास मारते.

लिंबूलोणचं | रविवार, सकाळी ८:३१

खसच लावायची. पहिलं पाणी पडल्यावर जो वास येतो, त्यासाठी तर उन्हाळा सहन करते मी. ज्यांना वूलवूड लावायचं त्यांनी खुशाल सुतारकामाच्या दुकानात जाऊन झोपावं.

बर्डीचा_बोका | रविवार, सकाळी ८:३३

ताई, पाया पडतो.

सांबारवडी | रविवार, दुपारी ३:१०

मी टिकलेय. अडीच वर्षं. म्हणून मुद्द्याचं लिहिते. (मुठेकाठ, तुमच्याकडे कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही सांबार म्हणतो. दर वेळी कुणीतरी विचारतंच.)

मी मोठ्या मंचावरून निघाले ते काही तत्त्वासाठी नाही. रिंग रोडच्या एका पट्ट्यात रात्री दिवे नसतात, ऑफिसमधून येताना भीती वाटते, एवढंच लिहिलं होतं. तर रात्री कशाला फिरता इथपासून जे सुरू झालं ते दोन दिवस थांबेना. चारशेच्या वर उत्तरं. तक्रारी केल्या. प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर: नियमभंग आढळला नाही. माझ्या वडिलांचं नाव घेऊन लिहिलेल्यालासुद्धा.

मग मैत्रिणीने एका छोट्या सर्व्हरवर नेलं. तिथे पंधरा दिवसांत असाच एक टोळभैरव आला, दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवरून. मी सर्व्हर चालवणाऱ्या बाईंना कळवलं. अर्ध्या तासात त्यांनी तो माणूसच काय, तो सर्व्हरच आमच्या बाजूने बंद करून टाकला. त्या गावातलं कुणीच आता आमच्या वेशीच्या आत येत नाही. इतकी वर्षं मी यंत्राशी बोलत होते, पहिल्यांदा समोर माणूस होतं.

शिवाय एक बारकी गोष्ट. तिथे बरीच वर्षं दुसऱ्याची नोंद उचलून वर आपला टोमणा चिकटवायची सोयच मुद्दाम दिली नव्हती. चिडायचं असेल तर थेट त्या माणसाशी बोला. निम्मी भांडणं तिथेच मेली.

पण हेही लिहिते, नाहीतर जाहिरात वाटेल. तो सर्व्हर बंद झाला. बाईंची नोकरी बदलली, वेळ मिळेना. मास्टोडॉनच्या मुख्य यादीत नाव हवं असेल तर बंद करण्याआधी तीन महिने सांगावं लागतं, पण आमचा सर्व्हर त्या यादीत नव्हता. आम्हाला चार दिवस मिळाले. बाईंवर राग नाही. महिन्याचे पैसे त्या स्वतःच्या खिशातून भरत होत्या आणि आम्ही साठ जण फुकट राहत होतो. कुणीही एकदासुद्धा विचारलं नव्हतं की ताई, किती खर्च येतो.

शून्यमैल | रविवार, दुपारी ३:४४

सांबारवडी, शेवटचं वाक्य बोचलं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या मोटरचं असंच आहे. चालू कोण करतं ते मोटर बंद पडल्यावरच कळतं.

मुठेकाठ | रविवार, संध्या. ५:०२

म्हणजे शेवटी एका मालकाच्या लहरीऐवजी एका ताईंच्या नोकरीवर सगळं अवलंबून. यात विकेंद्रित काय? मालक लहान झाला इतकंच. आणि लहान मालक दिवाळखोर लवकर होतो.

वायरमन_भाऊ | रविवार, संध्या. ५:२०

फरक आहे. लहान मालकाचं दुकान बसलं तर साठ जण रस्त्यावर येतात आणि शेजारच्या गल्लीत खोली घेतात. मोठ्याचं बसलं की अख्खं गावच जातं. ऑर्कुट आठवा. ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा शेजारची गल्ली होती का? कू आठवा. २०२० मध्ये आलं, देशी, मराठीतसुद्धा लिहिता यायचं, मंत्री-संत्री सगळे तिथे, आणि जुलै २०२४ मध्ये कुलूप.

लिंबूलोणचं | रविवार, संध्या. ६:१५

मंत्र्यांचं माहीत नाही, माझ्या संत्र्यांचं सांगते.

संत्र्याच्या सालीची चटणी, फणसाचे सांडगे, पुडाच्या वडीचं सारण असं दोनशेच्या वर पाककृती मी एका मंचावर लिहिल्या होत्या. प्रत्येकीखाली बायकांच्या शंका, माझी उत्तरं, ‘माझ्या सासूबाई यात तीळ घालतात’ वगैरे. ते दुकान बंद झालं. सूचना आली होती म्हणे, पण ती अशा मेलवर गेली जी मी उघडत नाही. पाककृती मला पाठ आहेत, त्या परत लिहीन. पण कोण्या गावच्या कोणीतरी मला सांगितलं होतं की सांडगे वाळवताना वर साडी नाही, जुनं धोतर घालायचं, रंग चढत नाही. ती बाई कोण होती? आता कसं शोधू?

तेव्हापासून वहीत लिहिते.

बर्डीचा_बोका | रविवार, संध्या. ६:२२

वहीले पासवर्ड नाही लागत, हे सगळ्यात भारी.

मुठेकाठ | रविवार, संध्या. ६:२४

वहीला वाळवी लागते.

लिंबूलोणचं | रविवार, संध्या. ६:२६

वाळवी सूचना न देता येते, तेवढं खरं. पण खाते हळूहळू.

तारमास्तर | रविवार, रात्री ९:३०

नमस्कार. मी या विषयात पोळलेला आहे. थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

मी तार खात्यात चिकटलो तेव्हा कडकट्ट अजून कानात बसलेलं होतं. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, मी त्याआधीच टेलिफोनकडे गेलो होतो. निवृत्तीनंतर आमच्या जुन्या खात्यातल्या मंडळींचा एक व्हॉट्सॲप गट झाला. रोज सकाळी साठ गुलाब, चाळीस सूर्योदय आणि तीन श्रद्धांजल्या. त्यातली एक श्रद्धांजली जिवंत माणसाची निघाली, तेव्हा पुतण्याला म्हटलं, आपलं काही वेगळं करता येईल का?

त्याने पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक आणला, रास्पबेरी पाय. त्यावर गोटूसोशल नावाचं हलकं सॉफ्टवेअर बसवलं. मास्टोडॉनला जड यंत्र लागतं, हे त्याच भाषेत बोलतं पण कमी खातं. झालं, आमचा सर्व्हर माडीवरच्या खोलीत सुरू. पहिली अडचण दुसऱ्या मिनिटाला आली. ब्रॉडबँडवाल्याने आमच्या अख्ख्या गल्लीला मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलेला. म्हणजे बाहेरून पत्र आलं तर ते नेमकं कुणाच्या दारात टाकायचं हे ठरेना. शेवटी मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन तिथून आमच्या घरापर्यंत बोगदा काढला. विकेंद्रित म्हणता म्हणता एक खिळा मुंबईत ठोकावाच लागला.

दुसरी अडचण मे महिना. बाहेर ४५, माडीवर पत्रे. हा रास्पबेरी पाय ८० अंशांच्या वर तापला की स्वतःच वेग कमी करतो. दुपारी बारा ते पाच आमची मंडळी लिहायची आणि ते संध्याकाळी उमटायचं. मी शहाणपणा करून तो कूलरसमोर ठेवला. थंड झाला, अगदी छान चालला. अठरा दिवसांनी पिनांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी आणि कार्ड मेलेलं. कूलर नुसती हवा देत नाही, पाणीही देतो, हे मला वयाच्या ६७ व्या वर्षी नव्याने कळलं.

घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा म्हणजे देवघर. आता तो तिथे आहे, कोनाड्यात, हिरवा दिवा लुकलुकतो. परवा एक पाहुण्या त्याला हात जोडून गेल्या. हिने काही सांगितलं नाही.

डिस्कचीही गंमत. बाहेरच्या ज्यांना ज्यांना आमचे लोक वाचतात, त्यांच्या फोटोंची प्रत आपल्याकडे साठते. ठराविक दिवसांनी ती पुसायची सोय असते, मी ती चुकून बंद ठेवली होती. एके दिवशी जागा संपली. बघतो तर सगळी जगभरची मांजरं. माझ्या देवघरात.

शून्यमैल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होय, टिकलो. चौदा जण आहोत, तीन वर्षं झाली. का टिकलो? एक नियम केला. फुलाचा फोटो चालेल, पण झाड स्वतःचं पाहिजे. त्यानंतर सुप्रभात बंद झालं आणि माणसं बोलायला लागली. एकाच्या जास्वंदीला मिलीबग लागलेला आम्ही सगळ्यांनी मिळून बरा केला.

आणि पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवलं: तुमचे खासगी निरोप मला वाचता येतात. मी वाचत नाही, पण येतात. मास्टोडॉनवरही तेच आहे, खासगी म्हणजे कुलूपबंद नव्हे. दोघे त्या दिवशीच निघून गेले. बरं झालं.

सांबारवडी | रविवार, रात्री ९:५१

काका, देवघरातला सर्व्हर! अपटाइम देवाच्या हातात.

मिहानवाली | रविवार, रात्री १०:३७

तारमास्तर काकांना दंडवत. आमच्या ऑफिसात याच कामाला सहा जण आहेत आणि मांजरं त्यांनाही आवरत नाहीत.

ब्लूस्कायबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. तोही ट्विटरसारखाच एक मंच. फेब्रुवारी २०२४ पर्यंत तिथे आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. त्याचे नियम वेगळे, एटी प्रोटोकॉल. मला आवडलेली गोष्ट म्हणजे स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, असेल तर तेच तुमचं नाव. उद्या कंपनीशी बिनसलं तरी नाव माझं. पाटी आपली, भिंत त्यांची. कागदावर सगळं उघडं आहे, स्वतःचा डेटा स्वतःकडे ठेवता येतो, पण बहुतेक लोक कंपनीच्याच सर्व्हरवर राहतात. मीही. रात्री अकराला घरी आल्यावर कोण सर्व्हर चालवणार?

२०२४ मध्ये ब्राझीलमध्ये एक्स (म्हणजे पूर्वीचं ट्विटर) महिनाभराहून जास्त बंद होतं, तेव्हा तिथले लोक लोंढ्याने ब्लूस्कायवर आले. मी उठायचे तेव्हा सगळा पडदा पोर्तुगीज. ‘बोम जिया’ म्हणजे सुप्रभात, एवढं शिकले. काका, म्हणजे गुलाब सगळीकडेच आहेत.

मराठी मात्र शोधावं लागतं. आपल्याला हवा तो फीड, म्हणजे निवडक नोंदींची यादी, बनवता येतो, म्हणून मराठी नोंदींचा एक फीड बनवला. पहिल्या दिवशी अकरा नोंदी. त्यातल्या सात माझ्या.

वायरमन_भाऊ | रविवार, रात्री १०:५०

मास्टोडॉनवर तर नोंदींमधले शब्द शोधायची सोयच सप्टेंबर २०२३ पर्यंत नव्हती, फक्त हॅशटॅग. आता आहे, पण ज्याने परवानगी दिली त्याचंच सापडतं. शून्यमैल, तुम्हाला २०१९ मध्ये कुणी सापडलं नाही ते यामुळेच. माणसं असतील, पण अंधारात बसलेली.

बर्डीचा_बोका | सोमवार, सकाळी ९:०५

मी सांगतो साध्या भाषेत. हे पानठेले हायत. प्रत्येक मोहल्ल्याचा आपला ठेला. धंतोलीत काय झालं ते सक्करदऱ्याच्या ठेल्यावर अर्ध्या तासात पोचते, कोणतंही हेडऑफिस नाही. ठेलेवाला म्हणजे ॲडमिन. एखादा जास्त बोलला तं खर्रा घोटता घोटता फक्त मान वर करते, अन् तो माणूस समजून जाते. आता सांगा, कोणत्या यंत्राले येते हे?

मुठेकाठ | सोमवार, सकाळी ९:४०

कूलर झाला, पानठेला झाला, गाव झालं, हत्ती झाला. आता उपमा पुरे.

बर्डीचा_बोका | सोमवार, सकाळी ९:४१

उपमा पुण्यात. आमच्याइकडे तर्री पोहे.

सांबारवडी | सोमवार, सकाळी १०:१५

बोका, तुमच्या ठेल्यावर बाया उभ्या राहतात का? नाही ना. मग तो नमुना घेऊ नका. ठेलेवाल्याने मान वर केली ती कुणाकडे बघून, ते महत्त्वाचं. तो चिडवणाऱ्याचाच दोस्त असेल तर? छोट्या सर्व्हरचं तेच भय आहे. मला चांगल्या बाई भेटल्या, हे नशीब. आता ज्या सर्व्हरवर आहे तिथे जायच्या आधी मी तीन रात्री त्यांचे नियम आणि जुनी भांडणं वाचली. मुलगी द्यायच्या आधी घर बघतात तसं.

बर्डीचा_बोका | सोमवार, सकाळी १०:३०

हे बराबर बोलल्या तुम्ही. मागं घेतो. पोहे नाही, ठेला.

मुठेकाठ | सोमवार, दुपारी १:१२

एक प्रामाणिक कबुली. वरचं सगळं वाचून काल रात्री मास्टोडॉनचं खातं उघडून पाहिलं. २०२२ मध्ये ‘टूट’चं (तिथल्या नोंदीला तेव्हा टूट म्हणायचे) मराठी काय करावं यावर मी एक चर्चा सुरू करून पळालो होतो. (बटणावरचं ‘टूट’ त्याच सुमारास त्यांनी काढूनही टाकलं.) कुणी ‘तुतारी’ सुचवली, कुणी म्हणालं आपल्याकडे टूट म्हणजे तुटणं, अपशकुन होईल. चर्चा माझ्याशिवाय आठ महिने चालू होती. मला कुणी ‘हे गृहस्थ गेले वाटतं’ असंही म्हटलं नव्हतं. जागा धरून ठेवली होती जणू. जरा ओशाळलो.

तुतारी मात्र आता म्हणता येणार नाही, निवडणूक चिन्ह झालं.

शून्यमैल | पुढचा रविवार, सकाळी ११:२०

आठवडाभर गप्प होतो, दोन कामं करत होतो.

एक, मोठ्या मंचावरून माझा सगळा माल उतरवून घेतला. मागितल्यावर दोन दिवसांनी दुवा आला, नऊ जीबीची थैली. फोटो सगळे आले. पण फोटोखाली कोण काय बोललं ते वेगळ्याच फायलीत, तारखांच्या उतरंडीत. बाबांचा वाढदिवस एकीकडे आणि ‘शतायुषी व्हा काका’ म्हणणारे दुसरीकडे. हाताने जुळवतोय. लिंबूलोणचं ताई, तुमची धोतरवाली बाई असल्याच कुठल्यातरी फायलीत कुणाच्या तरी संगणकात असेल.

दोन, २०१९ च्या ‘इथे कुणी आहे का’खाली नवीन नोंद टाकली. आमचा कूलर. मागच्या गॅलरीत, ताट्या नवीन, पाणी गळतंय, खाली बादली. लिहिलं मराठीतच. सोबत फक्त ‘कूलर’ हा हॅशटॅग, तोही देवनागरीत आणि एकदा इंग्रजीत. म्हटलं बघू.

दुपारपर्यंत शुकशुकाट. संध्याकाळी ते विलकोमनवाले जर्मन गृहस्थ आले. सहा वर्षांनी! विचारतात, या पेटीला गवत का लावलंय? मी समजावून सांगितलं. त्यांना वाटलं थट्टा करतोय. मग ॲरिझोनातल्या फिनिक्सचा एक माणूस मध्ये पडला. म्हणाला, थट्टा नाही, आमच्याकडेही जुन्या घरांवर हेच असतं. स्वॅम्प कूलर म्हणतात आणि ताट्या ॲस्पेन लाकडाच्या बारीक छिलक्यांच्या. फोटो टाकला. पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना जाळी, गंज तोच, खालचा पाण्याचा डागसुद्धा तोच. फक्त तो छपरावर.

वूलवूड-खस वाद मी तिथे सांगितला. त्याच्या आजीचंही यावर ठाम मत होतं म्हणे. रात्री एकपर्यंत तिघे बोलत होतो. ही नोंद आतापर्यंत किती जणांनी पाहिली ते माहीत नाही. तिथे तो आकडा दिसतच नाही.

लिंबूलोणचं | रविवार, सकाळी ११:३५

आजीचं मत काय होतं ते सांगा आधी.

शून्यमैल | रविवार, सकाळी ११:३८

वास महत्त्वाचा. तुमच्या बाजूने.

बर्डीचा_बोका | रविवार, सकाळी ११:५०

त्याले विचारलं का, छपरावरच्या कूलरमधी पाणी कोण भरते? आमच्याकडे तं यावरून रोज महाभारत होते.

शून्यमैल | रविवार, सकाळी ११:५८

विचारलं. म्हणाला, कुणीच नाही. नळ जोडलाय, फ्लोट आहे, पातळी उतरली की आपोआप भरतं.

तारमास्तर | रविवार, दुपारी १२:१०

फ्लोट आमच्याही कूलरला बसवलाय चार वर्षांपूर्वी. नळाला पाणी सकाळी सहा ते सात येतं. मग फ्लोट आणि मी, दोघंही वाट बघतो.